वैयक्तिक कारणास्तव

खटावकर, तुम्हाला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच बोलावं अशी रीत आहे, आणि तुमच्या शोकसभेत ती सगळ्यांनी नीट पाळली. फरीदाबादच्या आपल्या मंडळाचा हॉल भरला होता. मागच्या कोपऱ्यात गणपतीच्या मखराचे खांब चादरीत गुंडाळून ठेवले होते, त्यांना टेकून मी बसले होते. मंडळाचे लोक बोलले, शेजारचे सरदारजी बोलले. मग आपल्या कारखान्यातल्या अकाउंट्सचे गुप्ताजी उठले आणि म्हणाले, खटावकरजींनी नोकरी सोडली तीसुद्धा किती रुबाबात सोडली, नव्या मालकापुढे झुकले नाहीत, स्वतः राजीनामा ठेवून निघून गेले. लोकांनी माना डोलावल्या. शालनवहिनींशेजारी बसलेली तुमची लेक गौरी रडता रडता ताठ बसली. मी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

नोकरी तुम्ही सोडली नव्हती. ती तुम्हाला सोडायला लावली होती. त्या हॉलमध्ये हे मला ठाऊक होतं, शालनवहिनींना बहुधा ठाऊक होतं, आणि गुप्ताजींना तर पक्कं ठाऊक होतं, कारण त्या दिवशी टूलरूममध्ये येऊन तुम्हाला आत बोलावून नेणारे तेच होते. पण मी उठले नाही. तुम्ही गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी राहिले. फोटो मात्र तुमचा चांगला लावला होता. त्यात तुम्ही अगदी मॅनेजर दिसता.

आपली ओळख शिव्यांवरून झाली, हे शोकसभेत कुणी सांगितलं नाही. मी खरेदी विभागात नवी होते. आमच्या ह्यांची केंद्र सरकारची नोकरी, राहायला तेव्हा दिल्लीत आर. के. पुरमचं क्वार्टर, आणि मी रोज बस बदलत बदलत फरीदाबाद गाठायची. दिवसभर हिंदी बोलून तोंड आंबायचं. एकदा टूलरूमवरून जाताना आतून कुणीतरी एका डायला, म्हणजे पत्रा दाबायच्या त्या पोलादी साच्याला, अस्सल सातारी शिव्या घालत होतं. मी दारातच थांबले. तुम्ही वर पाहिलंत आणि ओशाळून 'सॉरी मैडम' म्हणालात. मी म्हटलं, चालू द्या, फार दिवसांनी कानावर पडल्या. त्या दिवसापासून तुम्ही मला चौगुलेबाई म्हणायला लागलात आणि मी तुम्हाला नुसतं खटावकर.

त्यानंतर आपण भांडलोच जास्त. मी मागवलेलं पोलाद तुम्हाला कधी पसंत पडलं नाही. मंडळाच्या गणपतीत आरत्या किती म्हणायच्या यावरून तुम्ही माझ्याशी आठवडाभर अबोला धरलात. दिल्लीत जन्मलेल्या पोरांना मराठी येत नाही याचा दोष तुम्ही आयांना द्यायचात, आणि तुमची गौरी मात्र तुम्हाला 'बाबा, यार' म्हणायची ते तुम्हाला गोड वाटायचं. तुमच्याशी भांडून मी घरी जायची तेव्हा मला बरं वाटायचं. परक्या मुलखात भांडायला हक्काचं माणूस मिळणं सोपं नसतं.

आता खंडेनवमीचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आपल्या कारखान्यात यंत्रांची पूजा दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी व्हायची, विश्वकर्म्याच्या नावानं, सगळ्या फरीदाबादेत होते तशी. तुम्हाला ते मान्य नव्हतं असं नाही, त्या पूजेलाही तुम्ही पुढे असायचात. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पुजली नाहीत तर वर्षभर हात चालणार नाही, असं तुमचं म्हणणं. त्यामुळे टूलरूमच्या यंत्रांना दोन दोन पूजा. लेथला झेंडूची माळ, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर पाटावर मांडलेले, समोर निरांजन. बडे सेठ, म्हणजे थोरले मालक, पहिल्या वर्षी बघायला आले आणि 'ये कौन सा त्योहार है भई' म्हणाले. दुसऱ्या वर्षापासून ते स्वतः आरतीला हात पुढे करायचे आणि वहिनींच्या हातची पुरणपोळी दोनदा मागून घ्यायचे. मी तुमची चेष्टा करायची की तुमची यंत्रं आपल्यापेक्षा लाडाची आहेत. तुम्ही म्हणायचात, बाई, आपण आजारी पडलो तर रजा मिळते, त्यांना मिळत नाही.

मग बडे सेठ गेले आणि मुलगा गादीवर आला. त्यानं आल्या आल्या तुम्हाला डेप्युटी मॅनेजर केलं. काम तेच, यंत्र तेच, हात तसेच तेलानं काळे, फक्त खिशात छापील कार्ड आलं. मी तेव्हाच म्हटलं होतं, की पगार काही वाढला नाही तर हे कार्ड कशाला? तुम्ही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हता. कुणी पुतण्या गाडीनं येत होता, त्याच्याकडून तुम्ही साताऱ्याहून कंदी पेढे मागवलेत. कारखान्यात वाटलेत, मंडळात वाटलेत, सेक्टरच्या चौकीदाराला दिलेत. गौरी तेव्हा शाळेत होती, ती डबा भरून वर्गात घेऊन गेली. खटाव तालुक्यातल्या तुमच्या गावी वडिलांनी देवळात नारळ फोडल्याचं तुम्ही मला दोनदा सांगितलंत. मॅट्रिकनंतर आयटीआय करून दिल्लीला आलेला माणूस मॅनेजर झाला होता. तुमचा आनंद खरा होता, म्हणून मी पुढे काही बोलले नाही आणि पेढे खाल्ले.

ते कार्ड कशासाठी दिलं होतं ते आपल्याला पुढच्या वर्षी कळलं. कामगाराला काढायचं तर कायदा आड येतो, मॅनेजरला काढायचं तर येत नाही. निदान त्यांचा हिशोब तसा होता. छोट्या सेठना अर्धा कारखाना बंद करून जागा मोकळी करायची होती, आणि जुनी माणसं आपणहून गेली तर त्यांना हवी होती. खंडेनवमी नुकतीच झाली होती. गुप्ताजी तुम्हाला बोलवायला आले, तुम्ही हात पुसून त्यांच्यामागे गेलात. आत नव्यानं आलेला एचआरचा माणूस बसला होता आणि त्याच्यासमोर लॅपटॉपवर कॅमेऱ्यातलं चित्र उघडं होतं. चित्रात तुम्ही निरांजन ओवाळताय आणि पलीकडे तेलाचा डबा. त्यानं तुम्हाला अगदी नम्रपणे सांगितलं, की हा आगीचा धोका आहे, निष्काळजीपणा आहे, याच्यावर तुम्हाला काढलं तर पुढे कुठे कुणी उभं करणार नाही. त्यापेक्षा तुम्हीच लिहून द्या. वैयक्तिक कारणास्तव. दोन ओळींचं तर काम आहे.

तुम्ही लिहून दिलंत.

तुमच्यानंतर माझी पाळी होती. मी काय म्हणाले ते मी तुम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की शेवटी शेवटी माझ्याआधी तुम्हीच ते म्हणून टाकायचात. मी म्हटलं, मला काढायचं तुम्हाला आहे, तर तुम्ही लिहा, मी का लिहू? माझ्याकडे ना कार्ड होतं ना निरांजन, त्यामुळे त्यांना मेहनत घ्यावी लागली. उद्धट वर्तन, कामात हलगर्जी, वरिष्ठांचा अवमान, अशी मोठी माळ तयार झाली, एक चौकशी झाली ज्यात विचारणारे तेच आणि ऐकणारेही तेच, आणि मला काढलं. मी लेबर कोर्टात गेले.

तुम्हीही यावं म्हणून मी किती मागे लागले होते. माझ्या वकीलसाहेबांनी तुम्हाला समजावलं की कार्डावर काय छापलंय ते कोर्ट बघत नाही, माणूस हातानं काय काम करत होता ते बघतं. तुमच्या हाताखाली ना माणसं होती ना कुणाची रजा मंजूर करायचा अधिकार. तुम्ही कामगारच होता, तुमचाही दावा उभा राहिला असता. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि बाहेर येऊन मला म्हणालात, "कोर्टात उभं राहून मी मॅनेजर नव्हतो म्हणून सांगू? पेढे वाटलेत मी, बाई."

मला त्या उत्तराचा इतका राग आला होता. अजूनही आहे. पेढ्यांपायी माणूस आपला हक्क सोडतो, असं मी सगळीकडे सांगत सुटले असते, पण तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत आणि माझं तोंड बंद झालं. तुम्ही म्हणालात, "आणि घरी काय सांगू? देवापुढच्या दिव्यावरून काढलं म्हणून?" म्हणून तुम्ही घरी सांगितलंत की नव्या मालकाशी पटेना, मीच सोडली. मंडळात तेच, गावी तेच. फरीदाबादेतल्याच मुजेसरच्या एका गल्लीत शेड भाड्यानं घेतलीत, जुना लेथ आणलात, आणि लोकांचे डाय दुरुस्त करून द्यायला लागलात. वहिनी सांगायच्या, ह्यांचा आता स्वतःचा व्यवसाय आहे. तेही खोटं नव्हतं.

पण खटावकर, मग तुम्ही माझ्या तारखांना का येत होता?

पहिल्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्हाला बघून मला वाटलं, तुमचंही मन बदललं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाकावर बसला होतात, मांडीवर डबा. मी विचारलं तर म्हणालात, काही नाही, सोबतीला आलोय. पुढच्या तारखेलाही आलात. त्याच्या पुढच्याही. कधी न्यायाधीश नसायचे, कधी त्यांचा वकील नसायचा, आणि आपण नुसतं बसून परत यायचो. डब्यात वहिनींची थालीपिठं आणि लसणीची चटणी असायची. कंपनीचा माणूस एकदा तुमच्यापाशी आला आणि संशयानं विचारता झाला की खटावकरजी, आप यहाँ कैसे? तुम्ही त्याला म्हणालात, "किसी काम से नहीं. साथ आया हूँ." आणि त्यालाही थालीपीठ दिलंत, जे मला अजिबात आवडलं नव्हतं.

तिथेही आपण भांडायचोच. मी म्हणायची, तुम्ही सही केलीत म्हणून त्यांची हिंमत वाढली. तुम्ही म्हणायचात, तुम्ही सही केली नाहीत तर काय मोठं राज्य मिळालं, बसलात ना माझ्याच शेजारी बाकावर? दोघांचंही म्हणणं दोघांना लागायचं. मग आपण चहा प्यायचो.

वकीलसाहेबांना तुमची साक्ष हवी होती. त्या एकाच दिवशी किती जणांकडून राजीनामे लिहून घेतले हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि बाकीचे आपापल्या गावी पांगले होते. तुम्ही नाही म्हणालात. मी जोर केला नाही. साक्ष द्यायची म्हणजे भर कोर्टात स्वतःबद्दल ते सगळं सांगायचं, जे तुम्ही बायको-मुलीपासूनही झाकलं होतं. एवढं मागण्याइतकं आपलं नातं आहे की नाही, हे मलाच ठरवता येत नव्हतं.

मग एका तारखेला कंपनीच्या वकिलानं एक कागद पुढे केला. म्हणाला, कुणावर दबाव वगैरे काही नव्हता, हे बघा, त्याच दिवशी कंपनीच्या डेप्युटी मॅनेजरनं स्वखुशीनं राजीनामा दिलाय, स्वतःच्या अक्षरात, वैयक्तिक कारणास्तव. तुम्ही मागच्या बाकावर होता. तुमचंच अक्षर माझ्याविरुद्ध कोर्टात ठेवलं जाताना तुम्ही बघितलंत. पुढच्या तारखेला आलात ते थेट वकीलसाहेबांकडे गेलात आणि म्हणालात, मेरा नाम लिख लो.

तुमची उलटतपासणी मी जशीच्या तशी सांगू शकते. त्यांनी विचारलं, हे अक्षर तुमचं? तुम्ही हो म्हणालात. तुम्ही मॅनेजर होता? तुम्ही म्हणालात, कार्ड पर था साहब, काम टूलरूम का था, हाथ का. आणि खरोखरच हात पुढे करून दाखवलेत, जे कुणी मागितलं नव्हतं. टूलरूममध्ये आग लावत होता? तुम्ही म्हणालात, आग नहीं, दीया, हर साल जलाता था, बडे सेठ खुद आरती लेते थे. मग त्या वकिलानं तो कागद वर धरला आणि जरा हसून विचारलं, की मग नोकरी तर तुम्ही आपल्या मर्जीनंच सोडलीत ना? तुम्ही त्या कागदाकडे बघितलंत. टायपिस्ट थांबली होती.

"छोडी नहीं, साहब," तुम्ही म्हणालात. "छुडवाई गई."

टायपिस्टनं ते टाइप केलं आणि पुढचा प्रश्न सुरू झाला. बाहेर आल्यावर तुम्ही चहा घेतलात, पण न पिताच कप खाली ठेवून दिलात. मी काहीतरी बोलणार होते. तुम्ही म्हणालात, "घरी नको, बाई." मी बरं म्हटलं. एवढंच आपलं बोलणं झालं, आणि नंतर त्या दिवसाचा विषय आपण कधी काढला नाही.

निकाल माझ्या बाजूनं लागला ते तुम्हाला माहीत आहे. मला परत कामावर घ्या असं कोर्टानं सांगितलं तोवर घ्यायला कारखानाच उरला नव्हता, त्या जागी गोदामं उभी राहिली होती. कंपनी वर अपिलात गेली, मग तडजोड झाली, आणि माझं निवृत्तीचं वय मधल्या मध्ये होऊन गेलं. जिंकले म्हणायचं. पण त्या निकालाच्या कागदात एक वाक्य आहे, की साक्षीदाराचं म्हणणं विश्वासार्ह वाटतं. ते तुमच्याबद्दल आहे. मी तुम्हाला ते वाचून दाखवलं तेव्हा तुम्ही, इंग्रजी फार अवघड लिहितात लेकाचे, एवढंच म्हणालात. मी तेव्हा तुमचे आभार मानले नाहीत. आपल्यात ते विचित्र दिसलं असतं. आता दिसलं तर दिसू दे. तुम्ही त्या दिवशी उभे राहिलात म्हणून मी उद्धट आणि कामचुकार बाई म्हणून घरी गेले नाही. मी तुमची फार ऋणी आहे, खटावकर.

आणि तरी पुढच्याच गणपतीत तुम्ही मंडळात कुणाला तरी सांगत होतात, मी आपणहून सोडली, पटेना म्हणून. मी समोर उभी होते. तुम्ही माझ्याकडे न बघता सांगत होतात. मी जाऊन प्रसादाच्या रांगेत उभी राहिले. एकदा कोर्टात खरं बोलून झालं, आता बाहेर सांगायला काय हरकत आहे, हे मी तुम्हाला विचारायचं ठरवलं होतं. भांडण नीट होईल अशी सवड बघत होते. ती मिळाली नाही.

आता गौरीचं.

तुमचे दिवसवार झाल्यावर ती गुडगावला कामावर गेली. तिच्या कंपनीत माणसं कमी करणं चाललंय, हे तुम्ही असतानाच ती म्हणत होती. रविवारी दुपारी ती माझ्याकडे आली. आली ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली, तुम्ही राहायचात तशी. म्हणाली, "मावशी, मला राजीनामा टाकायला सांगितलाय. मंगळवारपर्यंत."

तुमच्या वेळी निदान हातानं लिहावं लागायचं. आता ते कंप्युटरवर असतं. कारण निवडायचं असतं, ती यादी आधीच तयार असते: चांगली संधी, पुढचं शिक्षण, तब्येत, घरगुती अडचण. आम्हाला जा म्हणून सांगितलं, असं त्या यादीत कुठेच नसतं. कामात काही चूक दाखवली का, असं मी विचारलं तर म्हणाली, बिल्कुल नाही, मागच्याच वर्षी तिला टीम लीड केलं होतं. टीम लीड झाल्याचे पेढे तुम्ही मला आणून दिले होते, तेही कंदी.

मग तिनं सांगितलं की एचआरची मुलगी फार चांगली वागली. तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, तुझे वडील नुकतेच गेलेत, तू तेच कारण टाक. सगळे समजून घेतील. पुढे कुठे इंटरव्ह्यूला गेलीस तरी कुणी खोलात विचारणार नाही.

मी गॅस बंद केला. एवढा राग मला स्वतःला काढलं तेव्हाही आला नव्हता.

गौरी म्हणाली, "मी विचार करतेय, ठीक आहे ना? बाबांनीपण सोडलीच होती. झुकले नाहीत, शान से निघून आले. मग मीपण तसंच करते. भांडत बसण्यापेक्षा ते बरं."

खटावकर, तुम्ही मला घरी नको म्हणाला होतात, आणि मी ते तुम्ही असेपर्यंत पाळलं, तुमच्या शोकसभेतही पाळलं. पण तुमची पोर तुमच्यासारखं वागायला निघाली होती, आणि ज्या माणसासारखं वागणार होती तो माणूस तुम्ही नव्हताच. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. निरांजन, कॅमेरा, दोन ओळी, गुप्ताजी. मी म्हटलं, तुझ्या बाबांच्या नावावर एक खोटं कारण आधीच लागलंय, आता त्यांच्या जाण्याचं दुसरं करू नको.

ती म्हणाली, "मग आम्हाला खोटं का सांगितलं?"

"पेढे वाटले होते म्हणून," मी म्हटलं.

तिला हसू आलं आणि मग रडू आलं. वर्गात डबा घेऊन गेल्याचं तिला आठवत होतं. मग मी कोर्टाचं सांगितलं, शेवटच्या वाक्यासकट. ते तिनं दोनदा सांगायला लावलं. साहब म्हणाले होते का, असंही विचारलं. मी म्हटलं, हो, साहब म्हणूनच. उठताना ती म्हणाली की त्या वर्षांत अधूनमधून आई बाबांच्या पांढऱ्या शर्टाला इस्त्री करायची, आणि शेडवर जाताना कोण इस्त्रीचा शर्ट घालतं, असं तिनं एकदा विचारलं होतं तर आईनं तिला गप्प केलं होतं. म्हणजे वहिनींना ठाऊक असणार, हा माझा अंदाज बरोबर होता. तुम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट झाकत होता, इतकी वर्षं.

दारात चपला घालताना तिनं विचारलं, "मावशी, मंगळवारी तुम्ही खाली येऊन बसाल? वर नाही येता येणार. फक्त खाली."

मंगळवारी मी सकाळी थालीपिठं केली, वहिनींसारखी होत नाहीत पण केली. मेट्रोनं सेंट्रल सेक्रेटरिएटपर्यंत आणि तिथून बदलून गुडगाव. इमारत सगळी काचेची, खाली लांबलचक सोफे, आणि एसी इतका की शाल आणायला हवी होती. गौरी मला बसवून लिफ्टनं वर गेली. सिक्युरिटीच्या मुलीनं थोड्या वेळानं येऊन विचारलं, की आंटीजी, किससे मिलना है?

मी म्हटलं, "किसी से नहीं. साथ आई हूँ."

म्हटल्यावर मला तुम्ही त्या बाकावर काय करत होता ते कळलं. मी इतकी वर्षं विचारत होते की भांडायचं नव्हतं तर येत का होता, आणि तुम्ही सांगत होता तेच उत्तर होतं. लोक लिफ्टमधून येत जात होते. मला वर काय चाललंय ते काही कळत नव्हतं आणि करण्यासारखंही काही नव्हतं. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले.

गौरी खाली आली तेव्हा तिचा चेहरा तुमचा झाला होता, चहाचा कप खाली ठेवतानाचा. तिनं सांगितलं की तिनं राजीनाम्याचं बटण दाबलं नाही. म्हणाली, मी सोडत नाहीये, तुम्ही काढताय, तर तसं लिहून द्या. त्यांनी परत तुमचं नाव काढलं, की अशा दुःखाच्या वेळी विश्रांती घे. तेव्हा तिनं त्यांना सांगितलं, "मेरे पापा को इसमें मत लाइए." त्यावर ते कळवतो म्हणाले. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. काढतीलही. मग वकील शोधू, तारखा पडतील, मी जाईन.

बाहेर रस्त्यालगतच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोघींनी थालीपीठ खाल्लं. चटणीत मीठ कमी आहे असं ती तुमच्याच सुरात म्हणाली. मी दिलेला शब्द मोडला, खटावकर, आणि त्यावरून तुम्हाला भांडायचं असेल तर भांडा, मी ऐकून घेईन. पण त्या यादीत तुमचं मरण कुठेही निवडलेलं नाही. ते तुमचंच आहे.